कधीच न छापलेला शोधनिबंध

वान डर गीअर, हॅनराड्स आणि लप्टन यांचा २००० सालचा निबंध शेकडो संशोधकांनी संदर्भ म्हणून दिला आहे. प्रत्यक्षात असा निबंध कधी छापलाच गेला नाही! संदर्भ कसा मांडायचा हे लेखकांना कळावं म्हणून एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने रचलेला तो नमुना होता. साच्यातली ती ओळ अनेकांच्या मजकुरातून पुसायचीच राहिली आणि थेट छापील यादीत गेली. अ‍ॅन-विल हार्झिंग या संशोधिकेने २०१७ मध्ये हे प्रकरण सविस्तर मांडलं. संदर्भयादी शेवटच्या रात्री उरकणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायलाच हवं.

संदर्भ देण्याच्या शैली अनेक, पण मूळ घराणी दोन. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये, बिनशंखाच्या गोगलगायीवरील निबंधात, कंसात लेखक आणि वर्ष देण्याची पद्धत वापरली. दुसरं घराणं क्रमांकांचं. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, त्यातून ते व्हँकुव्हर शैली म्हणून रुळलं.

वॉटसन-क्रिक यांच्या डीएनएवरील निबंधाचा संदर्भ व्हँकुव्हर शैलीत असा संपतो: नेचर. १९५३;१७१:७३७-८. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, मग अपूर्णविराम आणि पृष्ठं. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही.

झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर ही मांडणी क्षणात करतं, मात्र त्यात भरलेली माहितीच चुकीची असेल तर यादीही चुकते. म्हणून हस्तलिखित पाठवण्यापूर्वी प्रत्येक डीओआय (निबंधाचा डिजिटल ओळखक्रमांक) उघडून लेखकांची नावं, वर्ष आणि पृष्ठं मूळ निबंधाशी ताडून पाहावीत.