कँडिडा ऑरिस : ओळख पटेपर्यंत

२००९ साली टोकियोतल्या एका रुग्णालयात सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातल्या स्रावात एक यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, सापडली. माहितीतल्या कुठल्याच जातीशी ते जुळेना, म्हणून जपानी संशोधकांनी त्याला नवं नाव दिलं : कँडिडा ऑरिस. अशा नव्या जाती सापडतच असतात. घाबरावं असं त्यात काही दिसत नव्हतं.

दोनच वर्षांनी दक्षिण कोरियातून याच यीस्टमुळे रक्तात संसर्ग झाल्याच्या नोंदी आल्या. त्यातला एक नमुना १९९६ पासून जपून ठेवलेला होता. म्हणजे नामकरणाच्या तेरा वर्षं आधीच ते रुग्णापर्यंत पोचलं होतं. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या दोन रुग्णालयांमधले बारा रुग्ण नोंदवले.

इतकी वर्षं ते लपलं कसं? उत्तर प्रयोगशाळेत आहे. यीस्टची जात ओळखणारी यंत्रं आपल्याकडच्या यादीशी ताडून नाव सांगतात. यादीत ऑरिस नव्हतंच, मग यंत्र खुशाल ‘कँडिडा हिम्युलोनी’ असं जवळचं नाव छापून द्यायचं. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांतून २०११-१२ मध्ये गोळा केलेले नमुने पुढे नीट तपासले, तेव्हा त्यांतल्या १९ ठिकाणी ऑरिस निघालं. आपल्याकडे ते ‘आलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते बहुधा आधीच मुक्कामाला होतं.

त्याचा स्वभावही कँडिडा कुळाला न शोभणारा. नेहमीचं कँडिडा ॲल्बिकन्स आपल्या तोंडात, आतड्यात राहतं आणि प्रतिकारशक्ती खचली की आतूनच उचल खातं. ऑरिस मात्र कातडीवर घर करतं, खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर कित्येक दिवस तग धरतं आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातं. खारटपणा त्याला चालतो, चाळीस अंशांपुढची उष्णताही सोसते. रुग्णालयात फरशी पुसायला सर्रास वापरली जाणारी काही जंतुनाशकं त्यावर पुरेशी चालत नाहीत. क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. औषधांचं तर विचारूच नका. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या कितीतरी जवळची, त्यामुळे तिला मारून रोग्याला जपणारी औषधं मुळात थोडी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह चार देशांतल्या ५४ रुग्णांच्या अभ्यासात ९३ टक्के नमुने फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नव्हते.

त्याच अभ्यासात आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा चार ठिकाणचे वंश जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून खूप दूर, तरी सगळे साधारण एकाच सुमारास डोकं वर काढणारे. एकानं दुसऱ्याला दिलं, असं म्हणायची सोय नाही. २०१९ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आर्तुरो कासाडेवाल आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला, की पृथ्वी तापतेय आणि त्यामुळे या बुरशीला आपल्या अंगातल्या उष्णतेची सवय झालीय. एरवी बहुतेक बुरश्यांना ही उष्णताच आपल्यापासून दूर ठेवते. पुढे अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत ऑरिस सापडलं, उत्तर भारतात साठवलेल्या सफरचंदांवरही. तर्क आकर्षक आहे, बातमीला तर फारच. पण अजून तर्कच.

मला त्यापेक्षा ऑक्सफर्डची हकिगत जास्त शिकवणारी वाटते. तिथल्या मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ दरम्यान सुमारे सत्तर रुग्णांवर ऑरिस आढळलं. हवा, पाणी, माणसं असं सगळं धुंडाळून झाल्यावर धागा पोचला काखेत ठेवायच्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांपाशी. ते काढून टाकल्यावर नवे रुग्ण लक्षणीयरीत्या घटले. हवामानाचं कोडं सुटायची वाट पाहायची गरज पडली नाही.

रुग्णालयाच्या आत ऑरिस किती घातक ठरू शकतं, हे कोविडच्या काळात दिल्लीत दिसलं. २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये एका अतिदक्षता विभागात ज्या पंधरा कोविड रुग्णांच्या रक्तात कँडिडा सापडलं, त्यांपैकी दहा जणांत ते ऑरिस होतं. त्या दहांतले सहा दगावले.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरश्यांची पहिली यादी काढली आणि ऑरिसला अतिगंभीर गटात बसवलं. तरीही कित्येक लहान प्रयोगशाळांचा अहवाल आजही ‘कँडिडा, ॲल्बिकन्स नव्हे’ एवढ्यावर थांबतो. मग हाताशी असलेलं स्वस्त फ्लुकोनॅझोल सुरू होतं, आणि ऑरिसपुढे ते बहुधा चालत नाही.