दाढेची कळ सोसवत नाही, पण डॉक्टरांची भीती? ‘सेडेशन’ म्हणजे काय, जाणून घ्या

कोल्हापूर : तांबड्या रश्श्याचा पहिला घोट घेतला, की दाढेत कळ जाते. मग लवंग किंवा मिसरी लावून दिवस ढकलला जातो. दवाखान्याची पायरी काही चढवत नाही. तोवर कीड दाताच्या आत मज्जेपर्यंत पोहोचते आणि फिलिंगवर भागणारे काम रूट कॅनालवर जाते. अशा रुग्णांसाठी सेडेशन, म्हणजे मन शांत करणारे औषध, हा मार्ग आहे.

पर्याय कोणते?

गॅस : नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन दिला जातो. रुग्ण जागाच असतो. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला, की परिणाम काही मिनिटांत ओसरतो. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती.

गोळी : उपचारापूर्वी घ्यायची. गुंगी येते, त्यामुळे सोबत माणूस हवा. त्या दिवशी गाडी चालवू नये.

शिरेतून औषध : मिडाझोलामसारखे औषध लवकर काम करते. उपचार झाल्याचे अनेकांना नीट आठवतही नाही.

पूर्ण भूल : हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

इंजेक्शन टळते का?

पहिल्या तिन्ही प्रकारांत नाही. सेडेशनने भीती कमी होते. वेदना थांबवायला हिरडीतले बधिर करणारे इंजेक्शन लागतेच. मात्र, तोवर मन शांत झालेले असते.

आधी काय सांगाल?

दमा, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे, गर्भधारणा, चालू गोळ्या आणि दारूची सवय लपवू नका. उपाशीपोटी यायचे का आणि औषध कोण देणार, हेही विचारा. आणि भीती वाटते, हे खुर्चीत बसण्याआधीच सांगा.