मातीत दडलेली बीजे

मृगाची पहिली सर पडते आणि पनवेल तालुक्यातील तळोजा परिसराची करपलेली माती आठ-दहा दिवसांत हिरवीगार होते. आज तेथे कारखाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. तरीही बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक खाचरांत टाकळा, कुर्डू, माका पावसाबरोबर उगवतातच. ही झाडे कोणी पेरली? कोणीच नाही. त्यांची बीजे आधीपासूनच मातीत दडलेली होती.

पिकात न पेरता उगवणाऱ्या आणि पिकाचे अन्न, पाणी व प्रकाश यांत वाटा मागणाऱ्या वनस्पतीला तण म्हणतात. भाताचे बी पेरले की ते थोड्याच दिवसांत एकदम उगवते; कारण शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या तसेच बी निवडून राखले आहे. तणाची रीत निराळी असते. त्याची सर्व बीजे एकाच वेळी उगवत नाहीत. काही यंदा उगवतात, तर काही पुढील वर्षांची वाट पाहतात. त्यामुळे पहिल्या पावसानंतर ओढ पडून उगवलेली रोपे जळाली, तरी वंश बुडत नाही.

बीज वाट कसे पाहते? टाकळ्याच्या बीजाचे कवच इतके कठीण असते, की ते झिजेपर्यंत पाणी आत शिरत नाही. काही बारीक बीजांना उगवण्यास प्रकाश लागतो. त्यांच्याजवळ अन्नाची शिदोरी थोडी असते; खोल मातीत कोंब फुटला, तर वर येण्यापूर्वीच ती संपून जाईल. म्हणून ती अंधारात स्वस्थ राहतात आणि नांगराने वर आली, की उगवतात.

असे बीज किती वर्षे तग धरते? हे पाहण्यासाठी अमेरिकेतील विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली अनेक रानटी वनस्पतींची बीजे वाळूत मिसळून बाटल्यांत भरली व जमिनीत पुरली. त्यांच्या पश्चात इतरांनी तो प्रयोग चालू ठेवला. 2021 साली, म्हणजे 142 वर्षांनी काढलेल्या बाटलीतील काही बीजांनाही कोंब फुटले!

कोकणातील शेतकऱ्याला हा शत्रू अनुभवाने ठाऊक होता. रोपे तयार करण्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा व कवळे पसरून तो राब भाजी. त्या उष्णतेने वरच्या थरातील पुष्कळ बीजे मरत. लावणीनंतर तो खाचरात पाणी साठवतो. पाण्याखाली हवा पुरेशी न मिळाल्याने अनेक तणांची बीजे उगवत नाहीत. भाताच्या रोपात मात्र मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात वाढते. एवढे करूनही जे तण उगवते, ते बेणणी करून काढावे लागते.

बेणणीत वेळेला फार महत्त्व आहे. गाजरगवताच्या एका मोठ्या रोपापासून 10,000 हून अधिक बीजे होऊ शकतात. ते फुलण्यापूर्वी उपटले, तर एका रोपाचे काम होते. बी गळल्यावर उपटले, तर पुढील अनेक वर्षांचे काम मातीत पडलेले असते. म्हणून शहाणा शेतकरी तणाला फूल येण्याची वाट पाहत नाही.