दाराचा फोन बसवताना कडी आपल्याच हाती ठेवा

चाळीत दाराला बेल लागत नव्हती. दिवसभर दार उघडे असे आणि कोण आले ते शेजारीणच आधी सांगत असे. आता चाळी जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसे 500 चौरस फुटांच्या घरात गेली. घर मोठे झाले, पण दार बंद झाले. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि म्हातारी आई वरच्या मजल्यावर एकटी. खाली कोण आले आहे, हे तिला कसे कळावे?

म्हणूनच सोसायटीच्या सभेत दाराच्या फोनचा विषय निघतो. लहान कचेरी, दवाखाना, मुलींचे वसतिगृह येथेही त्याची गरज असते. इमारतीत आधीच इंटरकॉम असेल तर दारासाठी वेगळी यंत्रणा घ्यावी लागेलच असे नाही. आहे त्याच फोनला दाराची बेल जोडता येते. आम्ही कचेरीत काम करणारी माणसे. आम्हांला यंत्रापेक्षा कोटेशन वाचायची सवय अधिक. पण कोटेशनवर सही करण्यापूर्वी काम काय आहे ते समजलेच पाहिजे.

जोडणी कशी होते?

ईपीएबीएक्स म्हणजे आपले स्वतःचे छोटे एक्स्चेंज. बाहेरच्या एक-दोन लाइनी त्यात येतात आणि आतले आठ-दहा फोन त्यावर चालतात. साध्या फोनला दोनच तारा लागतात.

दाराचा फोन जोडण्याच्या मुख्य रीती दोन. पहिल्या रीतीत दाराचा फोन साध्या एक्स्टेन्शनसारखा जोडतात. पाहुण्याने बटण दाबले की तो स्वतःच ठरवून दिलेला नंबर लावतो. घरातला फोन वाजतो, बोलणे होते. दार उघडायचे असेल तर आतल्या माणसाने फोनवरचे ठरलेले आकडे दाबायचे. फोनच्या प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो. तो सूर ओळखून दारावरचे यंत्र आपल्यातला रिले, म्हणजे विजेचे छोटे बटण, चालू करते आणि कडी सुटते.

दुसऱ्या रीतीत ईपीएबीएक्समध्येच दाराच्या फोनसाठी वेगळे कार्ड असते. ते सर्व यंत्रांत नसते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत ते बसते की नाही हे आधी पाहावे. संगणकाच्या जाळ्यावर चालणारे नवे फोन असतील तर 100 मीटरपर्यंतच्या एकाच केबलमधून बोलणे आणि वीज दोन्ही नेता येतात.

एक गोष्ट वायरमनला ठासून सांगावी. कडीची वीज फोनच्या लाइनीतून घ्यायची नाही. लाइनीत वीस-तीस मिलिअँपिअर प्रवाह असतो, तर विजेच्या कडीला त्याच्या कितीतरी पट लागतो. तिला 12 व्होल्टचा किंवा ती मागेल तो स्वतंत्र पुरवठा द्यावा. रिलेने तो फक्त चालू-बंद करायचा.

चोराला वाट कुठे मिळते?

रिले दाराबाहेरच्या डबीत असला तर चार स्क्रू काढून, दोन तारा एकमेकींना टेकवून कोणीही दार उघडू शकतो. मग आपण घरातून कितीही 'कोण आहे' विचारले तरी उपयोग काय? म्हणून रिले भिंतीच्या आत, कुलपाच्या पेटीत बसवून घ्यावा. कोटेशनमध्ये हे लिहून मागावे.

दाराचा फोन एक्स्टेन्शन म्हणून जोडला असेल तर त्याच तारांना साधा फोन लावून बाहेर कॉल करता येईल. बिल आपल्या माथी. म्हणून त्या एक्स्टेन्शनवरून बाहेरचे कॉल ईपीएबीएक्समध्ये बंद करावेत. कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला जुना आकडा ठाऊक असतो, तेव्हा अधूनमधून तो पुन्हा बदलावा.

आतल्या माणसाने फोन ठेवल्यावर दाराचा फोनही बंद होतो की नाही, हेही पाहावे. व्यस्त सूर ऐकून तो बंद होत असतो. भारतातल्या फोनचा हा सूर 400 हर्ट्झचा, पण परदेशी बनावटीचे यंत्र भलत्याच सुराची वाट पाहत बसते आणि लाइन अडकून राहते. यंत्रात तो सूर बदलून घेता येतो का, हे विक्रेत्याला विचारावे.

वीज गेली तर?

हा प्रश्न सर्वांत मोठा. चुंबकाची कडी वीज गेली की सुटते. विजेच्या पट्टीची साधारण कडी वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहते. कोणतीही बसवा, पण आतून बाहेर जाताना किल्ली, आकडा किंवा वीज लागता कामा नये. आग लागली तर धुरात आकडे कोण शोधणार? ईपीएबीएक्सला बॅटरीची सोय नसेल, तर वीज जाताच दाराची बेलही मुकी होते, हेही लक्षात ठेवावे.

पैसे देण्यापूर्वी

सेक्रेटरी आणि खजिनदारांनी तीन कोटेशने घ्यावीत. यंत्र, कडी, वीजपुरवठा, तारा आणि मजुरी यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. हमी किती दिवसांची आणि दुरुस्तीला कोण येणार, हेही कागदावर असावे. शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्यावा. मेन स्विच बंद करा आणि शाळकरी मुलाला आतून दार उघडायला सांगा. मग स्विच चालू करून घरातल्या आजीला बेल घेऊ द्या. तिला आवाज नीट ऐकू आला पाहिजे आणि आकडे न चुकता दाबता आले पाहिजेत. तिला जमत नसेल तर काम पुरे झाले असे समजू नका.

घरातही एक शिस्त हवी. बेल वाजली म्हणजे दार उघडलेच पाहिजे असे नाही. नाव काय, काम काय, कोणाकडे आलात, हे तीन प्रश्न मुलांना आणि वडीलधाऱ्यांना शिकवून ठेवावेत. उत्तर पटले नाही तर आकडा दाबायचा नाही, शेजाऱ्यांना फोन लावायचा. यंत्र फक्त आवाज आत आणते. कोणाला आत घ्यायचे, हे घरातल्या माणसानेच ठरवायचे असते.