आधी सिद्धान्त, मग आख्यान

माणसानं खरं वागावं, हे सांगायला कुणी बोलावलं तर आपण जाणार नाही. ते लहानपणापासून ऐकून झालेलं असतं. पण तेच सांगणारं राजा हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की देवळाचा सभामंडप भरतो. पुढं काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात आली की माणसं डोळे पुसतात. उपदेशानं जे होत नाही ते गोष्टीनं होतं. हे इतकं रोजचं आहे की त्यातलं आश्चर्य आपल्या लक्षातच येत नाही.

नारदीय कीर्तनाची बांधणी पाहिली की ते लक्षात येतं. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमन होतं, मग बुवा संताचा एखादा अभंग घेतात आणि त्यावर निरूपण करतात. शास्त्रातले दाखले, सुभाषितं, छोटे दृष्टान्त देत मुद्दा मांडला जातो. मध्यंतरात नामाचा गजर होतो, बुवांना हार घातला जातो, श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लागतो. मग उत्तररंग सुरू होतो. त्यात आख्यान असतं, म्हणजे पूर्वरंगातला सिद्धान्त जगून दाखवणाऱ्या माणसाची गोष्ट.

स्मशानाचा प्रसंग जवळून पाहावा. बुवा उपरण्याचं टोक डोक्यावरून घेतात, खांदे किंचित झुकतात, आवाज खाली येतो, आणि समोर तारामती उभी राहते. दोन पावलं बाजूला सरून ते ताठ होतात, तेव्हा तोच माणूस स्मशानाचा कर मागणारा हरिश्चंद्र असतो. पेटीवाला एकच सूर धरून ठेवतो. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. काशीचं स्मशान ज्यानं त्यानं आपापल्या मनात उभं केलेलं असतं. आख्यान संपलं की बुवा तात्पर्य सांगत बसत नाहीत. ते पूर्वरंगातल्याच अभंगाकडे येतात. अभंगातला एक शब्दही बदललेला नसतो, पण आता तो ऐकणाऱ्याला स्वतःचा वाटतो.

यामागं काय घडतं, याचा थोडा माग आता प्रयोगशाळेत लागला आहे. २०१० साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीला मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्रात झोपवून आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावलं. ती ध्वनिफीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूचेही आलेख घेतले. श्रोत्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या मेंदूमागोमाग, काही क्षणांच्या अंतरानं, तशीच चालत होती. मेंदूच्या काही भागांत तर श्रोते तिच्याही पुढं धावत होते, आणि जे असे पुढं धावले त्यांना गोष्ट अधिक चांगली समजली होती. श्रोत्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली, तेव्हा हा मेळ बसला नाही. म्हणजे गोष्ट ऐकणारा नुसता ऐकत नसतो, सांगणाऱ्याच्या बरोबरीनं ती रचत असतो.

आणि जे आपण रचलं त्याची उलटतपासणी आपण करत नाही. मेलानी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांना एक करुण कथा दिली आणि लेखकाचं म्हणणं जिथं जिथं खोटं वाटेल तिथं गोल करायला सांगितलं. जे कथेत रंगून गेले होते त्यांनी कमी गोल केले, आणि त्यांची मतं कथेच्या दिशेनं अधिक झुकली. कथा सत्य आहे की काल्पनिक, हे आधी सांगितल्यानंही फारसा फरक पडला नाही.

ही गोष्टीची ताकद आहे, आणि धोकाही तोच आहे. म्हणूनच गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) रीत मला विलक्षण वाटते. दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडायचा, रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचं. १९५६ साली मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते आजही ऐकता येतं. त्यांनी पुराणातलं आख्यान बाजूला ठेवलं आणि समोरच्या माणसांचं जगणंच आख्यान केलं. देवाला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्याजवळ आलेलं कुत्रं कोण हाकलतं, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून घेत. मूर्तीला यातलं काहीच करता येत नाही, हा निष्कर्ष बाबांनी लादलेला नसे. तो माणसांनी स्वतः मोठ्यानं उच्चारलेला असे. स्वतः दिलेलं उत्तर नाकारणं फार कठीण असतं.

या दोन्ही परंपरांत मन वळवण्याचं काम उघड्यावर चालतं. पूर्वरंगात बुवा आपल्याला काय पटवायचं आहे ते आधीच सांगून टाकतात. ते पटत नसेल तर मध्यंतरात उठून जाता येतं. गाडगेबाबांच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला मंडप मोकळा असे. जाहिरातीत, प्रचारसभेत, मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत मात्र थेट उत्तररंगच सुरू होतो. डोळे ओले होतात, आणि आपण कशाला होकार दिला हे कळतही नाही.

तेव्हा गोष्ट सांगायची असेल तर आपला सिद्धान्त आधी मांडा, मग हवं तेवढं रडवा. आणि ऐकायला बसाल तेव्हा, मनात रंग भरू लागला की, सांगणाऱ्याचा पूर्वरंग कुठं आहे, हे एकदा विचारून घ्या.