नोकरी सांभाळून डॉक्टरेट
ब्रिटनमधली पहिली एड.डी., म्हणजे शिक्षणशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट, ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये सुरू केली, ती नोकरीत मुरलेल्या शिक्षकांसाठी. आधी वर्ग आणि निबंध, मग प्रबंध, तो पीएच.डी.पेक्षा सहसा आखूड, पण प्रश्न स्वतःच्या कामातला. सोपं वाटतं, पण खरी गोम तिथेच आहे. मुख्याध्यापिकेने आपल्याच शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या, तर ‘नाही’ कोण म्हणणार? म्हणून विद्यापीठाची नैतिकता समिती संमतीपत्रं आणि नावं झाकण्याची व्यवस्था आधीच तपासते. तरीही छोट्या शाळेतली गणिताची एकुलती एक शिक्षिका ओळखू येतेच! वेळेचं म्हणाल, तर रविवार जातात. आपल्याकडे नोकरी सांभाळून डॉक्टरेट करायची, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. मात्र नोकरदाराला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.