मुसाफिराचा रोजा

ट्रकवर पहिलं वर्ष काढणाऱ्या पोराला उस्ताद दोन गोष्टी बजावतो. कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरमध्येच ठेवायची; नाहीतर ब्रेक तापतात. आणि डोळा लागतोय वाटलं, की थांबायचं.

रमजानमध्ये ही दुसरी गोष्टच जड जाते. सहेरीसाठी झोपमोड, दिवसभर कोरडा घसा, वर माल वेळेत पोहोचवायची घाई. रोजा सोडणं नव्या पोराला कमीपणाचं वाटतं. पण कुरआनने मुसाफिराला सवलत दिली आहे : सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेही पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली.

सुटलेला रोजा ईदनंतर ठेवता येतो. त्यासाठी गाडी सुखरूप घरी यायला हवी.